हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’ अशी एक म्हण आपल्या भाषेत आहे. मिठाई हलवायाची, तुळशीपत्र ठेवणारा भलताच, आणि दानाचे पुण्य मात्र त्या भलत्याच्या पदरी! दुसऱ्याच्या पदराला खार लावून स्वतःच्या नावावर पुण्य जमा करण्याच्या मनुष्यस्वभावाची ही थट्टा मोठी मार्मिक आहे. परंतु दुसऱ्याच्या खर्चाने जसे उदार होता येते, तसेच दुसऱ्याच्या खर्चाने कठोरही होता येते, ही गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. परदेशातून बेकायदा येऊन आपल्या देशात राहिलेल्या लोकांच्या प्रश्नाची जी चर्चा सर्वत्र चालते, तिच्यात या दोन्ही जातींची तुळशीपत्रे विपुल आढळतात. त्यांचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न सामान्यतः असा विचारला जातो: ‘या लोकांचा भार आपण किती दिवस वाहायचा?’ बंगळूरमध्ये राहणाऱ्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न यावा, यात नवल नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात या शहरातील कूपनलिका आटल्या आणि सुखवस्तू वस्त्यांतूनही टँकरची वाट पाहण्याची पाळी आली. जेथे पाणी, रस्ता, रुग्णालयातील खाट या साऱ्यांचीच टंचाई आहे, तेथे प्रत्येक नवा माणूस वाटेकरी भासतो. प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. मात्र त्यातील ‘आपण’ हे सर्वनाम फार घाईने उच्चारले जाते. हा ‘आपण’ एकच आहे काय? ज्याच्या पदरात लाभ पडतो तो, आणि ज्याच्या डोक्यावर भार येतो तो, असे ते दोन निरनिराळे गृहस्थ तर नव्हेत?

प्रथम एक गोष्ट निर्विवादपणे मान्य केली पाहिजे. आपल्या सीमेच्या आत कोणी यावे व कोणी येऊ नये हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे. तो अधिकार म्हणजे निव्वळ क्रौर्य असे समजणारे लोक विचारात कच्चे आहेत. १९७९ ते १९८५ या काळात आसामात जे आंदोलन झाले, त्याच्या मुळाशी जमीन, भाषा आणि मताधिकार यांविषयीचे खरेखुरे भय होते. १५ ऑगस्ट १९८५ च्या आसाम कराराने २४ मार्च १९७१ ही मर्यादा घालून दिली. बांगलादेशाशी असलेली आपली सीमा ४,०९६ किलोमीटर लांबीची आहे, आणि तिचा पुष्कळसा भाग नद्यांतून व पात्र बदलणाऱ्या प्रवाहांतून जातो. त्या सीमेलगतच्या शेतकऱ्याला दिल्लीतील किंवा बंगळूरमधील सज्जनाने ‘अतिथी देवो भव’ असा उपदेश करावा, हे हलवायाच्या घरावरचे पहिले तुळशीपत्र होय. जमीन त्या शेतकऱ्याची जाते, मजुरी त्याच्या मुलाची घटते; औदार्याचे श्रेय मात्र शेकडो कोस दूर बसलेल्याला मिळते.

हे मान्य केल्यावर पुढची अडचण उभी राहते. या लोकांची संख्या किती? २००४ च्या जुलै महिन्यात केंद्रीय गृहराज्यमंत्र्यांनी संसदेत एक कोटी वीस लाखांहून थोडा अधिक असा आकडा सांगितला, आणि तो विश्वसनीय माहितीवर आधारलेला नाही असे नंतर लवकरच सांगणे सरकारला भाग पडले. २०१६ मध्ये दुसऱ्या एका मंत्र्याने संसदेत दोन कोटी हा आकडा दिला. आपण सरकारी नोकर मंडळी आकड्यांच्या संगतीत वाढलेली. ज्या रकमेचा मूळ आकडाच ऐंशी लाखांनी डळमळतो, तिच्यावर दरडोई खर्चाचे कोष्टक बांधून कोणी पुढे ठेवले, तर आपण ती नस्ती शेरा मारून परत पाठवू. म्हणून एकंदर खर्चाच्या रकमेपेक्षा तो खर्च कोणाच्या नावे पडतो हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. सुदैवाने ते पाहता येते.

त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. २०२० च्या जानेवारीत बंगळूरच्या पूर्व भागात, बेळ्ळंदूरजवळच्या करियम्मन अग्रहार येथे, तत्कालीन बृहत् बंगळूर महानगरपालिकेच्या एका अभियंत्याने ‘येथे बेकायदा बांगलादेशी राहतात’ अशा आशयाचे पत्र पोलिसांना लिहिले, आणि शंभराहून अधिक झोपड्या पाडण्यात आल्या. जागा खाजगी मालकीची होती. पोलिसांची नोटीस जागेच्या मालकाला मिळाली होती. जमीनदोस्त झाली ती भाडेकरूंची घरे. त्या घरांतून बाहेर पडलेल्या लोकांत आसामचे होते, त्रिपुराचे होते, पश्चिम बंगालचे होते, आणि खुद्द उत्तर कर्नाटकातून पोटासाठी आलेली कुटुंबेही होती. अनेकांच्या हाती मतदार ओळखपत्रे होती. ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या संस्थेने उच्च न्यायालयात धाव घेतली. मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने पुढील कारवाईला स्थगिती देऊन शासनाला जाब विचारला.

या प्रकरणातील जमाखर्च मांडून पाहावा. परदेशी नागरिकांना हुडकून काढणे हा उद्देश होता. त्या उद्देशाची किंमत कोणी मोजली? आपल्याच राज्याच्या राजधानीत आलेल्या उत्तर कर्नाटकातील मजुराने. त्याचे भांडे, त्याचे अंथरूण, त्याच्या मुलाची पाटीपुस्तके पत्र्याखाली गेली. ज्याने जागा भाड्याने दिली त्याचे भाडे वसूल झालेले होते. ज्यांनी या लोकांना कामावर ठेवले त्यांचे काम झालेले होते. कायदा कडक असावा असे म्हणणाऱ्या आपल्यासारख्या सुस्थितांचे तर काहीच गेले नाही. हे दुसरे तुळशीपत्र. येथे पुण्याच्या जागी शिस्तीचे समाधान आहे. हलवाई मात्र पूर्वीसारखाच दुसरा कोणीतरी आहे.

आता वहीचे जमेचे पान उघडावे. शहराच्या याच पूर्वेकडच्या बाजूला, तुबरहळ्ळी, कुंदलहळ्ळी या भागांत, निळ्या ताडपत्रीच्या झोपड्यांतून राहणारे बंगाली भाषिक लोक कचरा गोळा करण्याचे व वेगळा करण्याचे काम वर्षानुवर्षे करीत आले आहेत. त्यांतले बहुसंख्य आपल्याच देशाचे नागरिक असल्याचे सांगतात. काही सीमेपलीकडचे असल्याचेही पोलिसांच्या कारवायांतून वेळोवेळी आढळले आहे. २०१२ मध्ये मावळ्ळीपुरा येथील कचराभूमी बंद झाली तेव्हा या उद्याननगरीच्या रस्तोरस्ती कचऱ्याचे ढीग कसे साचले होते, हे त्या वेळी येथे असणाऱ्यांना आठवत असेल. कचरा उचलणाऱ्याचे मोल त्या दिवसांत सर्वांना कळले. त्याला योग्य वेतन, हातमोजे, औषधपाणी हे सारे देऊन नगरपालिकेने काम करवून घेतले असते, तर खर्च किती आला असता? तो वाचला, आणि तो वाचला म्हणून आपल्या मालमत्ता करात व सोसायटीच्या मासिक वर्गणीत तितकी वाढ झाली नाही.

ही बचत कोठून निर्माण होते हे नीट समजून घेतले पाहिजे. बेकायदा राहणाऱ्या मजुराच्या मजुरीत भयाची वजावट केलेली असते. ठरलेली रक्कम कंत्राटदाराने बुडविली, तर दाद मागायला तो पोलीस ठाण्यात जाऊ शकत नाही. पायाडावरून पडला, तर नुकसानभरपाईचा अर्ज करू शकत नाही. किमान वेतनाचा कायदा त्याच्यासाठी पुस्तकातच राहतो. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्क्याच्या आसपास उपकर बसविला, आणि त्यातून बांधकाम मजुरांच्या कल्याणाचा निधी उभारला जातो. या मजुराने उभारलेल्या इमारतीचा उपकर त्या निधीत जमा होतो, परंतु नोंदणीसाठी लागणारी कागदपत्रे नसल्यामुळे त्याला तेथून छदामही मिळत नाही. तो साबण विकत घेतो, तेल विकत घेतो, त्यावरचा करही भरतो. तेव्हा तो केवळ खातो आणि देत काहीच नाही, हे विधान हिशेबाला धरून नाही.

परंतु म्हणून त्याच्या येण्याने कोणाचेच नुकसान होत नाही, असे म्हणणेही तितकेच असत्य ठरेल. नुकसान होते, ते त्याच्या शेजाऱ्याचे होते. कलबुर्गी किंवा रायचूरकडून आलेला जो मजूर कायद्याने मिळणारी मजुरी मागतो, त्याला कंत्राटदार सांगतो, ‘नको असेल तर चालू लाग, निम्म्यात यायला माणसे तयार आहेत.’ वस्तीच्या एकाच नळावर रांग वाढते ती त्याच्या वस्तीतल्या. उंच इमारतीत टँकर येतच असतो. सरकारी दवाखान्यातील खोळंबा, नगरपालिकेच्या शाळेतील एका शिक्षकासमोरची सत्तर मुले, हे सारे त्याच्या वाट्याचे. म्हणजे लाभ वरच्या मजल्यावर राहतो, भार तळमजल्यावर उतरतो, आणि तळमजल्यावरची दोन गरीब माणसे एकमेकांना शत्रू समजून भांडतात. या भांडणात वरच्या मजल्यावरून जो न्यायनिवाडा केला जातो, त्याला नैतिक वजन किती द्यावयाचे?

लाभ व भार यांची ही फारकत केवळ माणसामाणसांत नाही, ती शासनाच्या थरांतही आहे. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात नागरिकत्व, परकीय व्यक्ती, देशात प्रवेश आणि देशाबाहेर काढणे हे विषय केंद्राच्या सूचीत आहेत. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये राज्याच्या सूचीत आहेत. सीमा राखण्यात ढिलाई झाली तर चूक दिल्लीची, पण त्या चुकीचे देणे फेडावे लागते ते नगरपालिकेच्या दवाखान्याला. हे दुखणे आपल्याच देशाचे आहे असेही नाही. १९९४ मध्ये कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, टेक्सस आदी अमेरिकन राज्यांनी बेकायदा स्थलांतरितांवरचा खर्च केंद्र सरकारने भरून द्यावा म्हणून दावे लावले. न्यायालयांनी ते फेटाळले. पुढे २०१६ मध्ये तेथील नॅशनल अकॅडमीजने कायदेशीर व बेकायदा अशा एकंदर सर्वच स्थलांतरितांच्या आर्थिक परिणामांचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या पिढीचा खर्च प्रामुख्याने राज्ये व स्थानिक संस्थांवर पडतो, तो मुख्यतः मुलांच्या शिक्षणाचा असतो, आणि हीच मुले मोठी झाल्यावर करांच्या रूपाने भरघोस परतफेड करतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. खर्च आज व गावात, उत्पन्न उद्या व राजधानीत, असा हा व्यवहार आहे. गावाने कुरकुर केली तर त्याला संकुचित म्हणणे हा अन्याय होईल.

भार वाटून घेण्याची दुसरी रीत असू शकते काय? असू शकते, आपण ती एकदा आचरून दाखविली आहे. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी लोक आपल्याकडे आले. त्या वर्षीच्या १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचा निर्वासित साहाय्य कर बसला, आणि पत्र टाकणाऱ्याला नेहमीच्या तिकिटाशेजारी ते पाच पैशांचे तिकीट चिकटवावे लागे. रत्नागिरीहून मुंबईला पत्र पाठविणारी आई आणि बंगळूरहून पुण्याला पत्र पाठविणारा अधिकारी दोघेही ते तिकीट लावीत होते. कर सर्वांना दिसत होता, तो कशासाठी आहे हे तिकिटावरच छापलेले होते, आणि १९७३ च्या मार्चअखेर तो बंद झाला. पाच पैशांनी एक कोटी लोकांचा निर्वाह झाला असे कोणी म्हणणार नाही. परंतु खर्च उघडपणे मांडणे, तो सर्वांत वाटणे आणि त्याला मुदत घालणे या तीन गोष्टी त्यात होत्या. या राज्यानेही १९६० च्या सुमारास बैलकुप्पे येथे तिबेटी निर्वासितांना सुमारे तीन हजार एकर जमीन दिली, आणि रायचूर जिल्ह्यातील सिंधनूर तालुक्यात बंगाली निर्वासितांच्या वसाहती वसविल्या. आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी व मुलचेरा या भागांतही अशी गावे आहेत. हे निर्वासित होते, बेकायदा आलेले मजूर नव्हते, हा भेद महत्त्वाचा आहे आणि तो पुसून टाकू नये. मला दाखवावयाचे आहे ते इतकेच, की पदरमोड करून केलेल्या औदार्याची उदाहरणे आपल्याच दप्तरात आहेत.

आणि कठोरपणाची पदरमोड कशी करावयाची? कठोरपणालाही खर्च येतो, ही गोष्ट आसामने दाखवून दिली. तेथील राष्ट्रीय नागरिक नोंदवहीसाठी सुमारे तीन कोटी तीस लाख लोकांनी अर्ज केले. पन्नास हजारांहून अधिक कर्मचारी राबले, बाराशे कोटींहून अधिक रुपये खर्च झाले, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी १९,०६,६५७ माणसे यादीबाहेर राहिली. सरकारी खर्च हा एवढा. परंतु जुन्या मतदारयादीचा उतारा मिळविण्यासाठी पुराच्या पाण्यातून तालुक्याला खेपा घालणाऱ्यांचा बुडालेला रोजगार, वकिलापायी विकलेली गाय, यांची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात नाही. यादीबाहेर राहिलेल्यांचे भवितव्य पुढे कित्येक वर्षे लोंबकळत राहिले ते निराळेच.

आपल्या कायद्याने, १९४६ चा असो की त्याच्या जागी आलेला २०२५ चा, मी परकी नाही हे सिद्ध करण्याचे ओझे त्या व्यक्तीवरच टाकले आहे. त्यामागचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे: आपण कोठे जन्मलो हे माणसाला स्वतःला जितके ठाऊक, तितके पोलिसाला कसे ठाऊक असणार? परंतु ठाऊक असणे आणि कागदाने शाबीत करता येणे यांत गरिबाच्या बाबतीत फार मोठे अंतर असते. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत राबणाऱ्या पश्चिम बंगालमधील काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकलण्यात आले, आणि ते भारतीय असल्याचे ठरल्यावर त्यांना परत आणावे लागले. त्यांचा अपराध कोणता? बोलीत बंगाली हेल होता आणि खिशात पैसा नव्हता.

हे वाचून आपण मराठी माणसांनी थोडे अंतर्मुख व्हावयास हवे. आपणही येथे परप्रांतीयच आहो. शहाजीराजांना सतराव्या शतकात बंगळूरची जहागीर होती म्हणून आपला येथे काही जन्मसिद्ध हक्क आहे, असे कोणी म्हणत नाही. आपण कन्नड मोडकेतोडके बोलतो, आपला हेल दुकानदाराला तत्काळ कळतो, आणि तरीही आपल्याला कोणी कागद मागत नाही. कारण आपल्या कपड्यांवरून, घराच्या पत्त्यावरून, कचेरीच्या नावावरून आपले नागरिकत्व गृहीत धरले जाते. नागरिकत्व ज्याला कधी सिद्ध करावे लागत नाही, त्याने ते सिद्ध करण्याच्या श्रमांविषयी निष्काळजीपणे बोलू नये.

राज्यघटनेने या बाबतीत एक सूक्ष्म विवेक केला आहे. देशात कोठेही राहण्याचा व संचार करण्याचा हक्क तिने नागरिकाला दिला. पण कायद्यापुढे समानता आणि जीविताचे संरक्षण हे ‘व्यक्ती’ला दिले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हे तर ‘सर्व मुलां’साठी सांगितले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८२ मध्ये, बेकायदा आलेल्या आईबापांच्या मुलांना टेक्ससच्या शाळांची दारे बंद करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. अर्थ स्पष्ट आहे. परक्याला येथे राहू न देण्याचा राष्ट्राला अधिकार आहे. परंतु तो येथे आहे तोवर त्याला माणसाखालची वागणूक देण्याचा अधिकार नाही. पहिली गोष्ट मान्य करून दुसरी नाकारणे, किंवा दुसरीच्या नावाखाली पहिलीकडे डोळेझाक करणे, या दोन्ही गोष्टी घटनेच्या शब्दांत बसत नाहीत.

यावरून काही कर्तव्ये आपोआप निष्पन्न होतात. स्वस्त मजुरीचा लाभ ज्याला मिळतो त्याच्याकडून खर्चाची वसुली झाली पाहिजे. बेकायदा कृत्याला साहाय्य करणाऱ्यालाही शिक्षा कायद्यात सांगितलेली आहे. ती झोपडीवाल्याबरोबर कंत्राटदाराच्या व जागामालकाच्या दारापर्यंत गेली पाहिजे. किमान वेतन सर्वांना सक्तीने मिळाले, तर भयाची वजावट बंद होईल आणि बेकायदा मजूर आणण्यात कोणालाच नफा उरणार नाही. शेजारच्या कलबुर्गीच्या मजुराचे रक्षणही त्यानेच होईल. सीमेच्या चुकीचा जो खर्च नगरपालिकेवर पडतो, तो केंद्राने भरून द्यावा, हे मागणे न्याय्य आहे. आणि शोधाचा खर्च शोध घेणाऱ्याने सोसावा: आधी चौकशी, मग निर्णय, त्यावर अपील, आणि त्यानंतरच हद्दपारी. नेलमंगल तालुक्यातील सोंडेकोप्प येथे, जेथे पूर्वी विद्यार्थ्यांचे वसतिगृह होते, तेथे परकीयांसाठी स्थानबद्धता केंद्र उभारले गेले. तेथे कोणाला ठेवावयाचेच असेल, तर तो परका आहे याची खात्री करण्याला लागणारे कारकून, दुभाषे आणि दिवस यांची तरतूद शासनाने आपल्या तिजोरीतून केली पाहिजे. ती काटकसर गरिबाच्या घरावर बुलडोझर चालवून करता येणार नाही.

हे सारे धोरणकर्त्यांचे काम आहे, आपण हुकमाचे ताबेदार, असे कोणी म्हणेल. परंतु करियम्मन अग्रहाराचे प्रकरण सुरू झाले ते मंत्रिमंडळाच्या ठरावाने नव्हे, एका अभियंत्याच्या पत्राने. शासन म्हणजे शेवटी आपल्यासारख्या माणसांनी केलेल्या टिप्पण्या व सह्याच असतात. आपल्यापुढे असा कागद येईल तेव्हा, तो दयेचा असो वा दंडाचा, सही करण्यापूर्वी समासात एवढा एकच प्रश्न लिहावा: हा खर्च कोणाच्या नावे पडतो, आणि त्याला विचारले आहे काय? उत्तर आल्याशिवाय कागद पुढे जाऊ देऊ नये.